तीन, चार आणि पाच

गेल्या आठवड्यात आमच्या म्हसावदला दहावीची एक मुलगी पायथागोरसचा सिद्धांत धडाधड म्हणून दाखवीत होती. ‘हे खरे कशावरून?’ असे आम्ही विचारताच गप्प. वडील गवंडी. ते म्हणाले, ‘भाऊ, पाया आखताना आम्ही एकीकडे ३ फूट, दुसरीकडे ४ फूट मोजतो. तिरके ५ भरले की कोपरा गुण्यात. पण का, ते कुणी सांगितलं नाही.’ आम्ही तरी बी. कॉम. होईपर्यंत कुठे विचारले होते!

उत्तर बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात आहे. त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, असे चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ चा शिलालेख सांगतो. त्या मठात आपल्या मुलांना कोण बसू देणार होते, ही गोष्ट वेगळी.

आम्ही पुठ्ठ्याचे ३, ४, ५ बाजूंचे चार काटकोन त्रिकोण कापले. ५ ची बाजू बाहेर ठेवून मांडले. प्रत्येक कोपऱ्यात दोन लहान कोन मिळून ९० अंश झाले, म्हणजे ५ चा चौरस. मध्ये १ ची मोकळी जागा. तिथे १ चा तुकडा बसविला. आता दोन-दोन त्रिकोण जोडून दोन आयत केले, एक उभा, एक आडवा. खाचेत तो तुकडा ठेवताच ४ चा आणि ३ चा चौरस शेजारी-शेजारी! तुकडे तेच, म्हणून क्षेत्रफळही तेच. बाजूंची मापे बदला, काटकोन असेपर्यंत हेच घडते.

मग मुलीनेच आलेखाच्या कागदावर (१, २) आणि (४, ६) हे बिंदू घेतले. आडवे ३, उभे ४. ‘काटकोन तर इथं छापलेलाच आहे, अंतर ५!’

पुठ्ठ्याचे तुकडे वडिलांनी खिशात टाकले, कामावरच्या बिगाऱ्यांना दाखवायला.