थेंबे थेंबे कॉफी साचे

कोल्ड ड्रिप कॉफीवर लिहिणारे लोक बियांवर बोलतात, दळणावर बोलतात, काचेच्या त्या उंच मनोऱ्यावर तर भरभरून बोलतात. पाण्याबद्दल फार झालं तर 'चांगलं फिल्टर्ड पाणी घ्या' एवढंच. आता हे वाक्य पुण्या-बंगळुरात ठीक आहे हो, पण आमच्या बीडमध्ये 'चांगलं पाणी' हे दोन शब्द इतक्या सहज शेजारी-शेजारी बसत नाहीत. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: मराठवाड्यात कोल्ड ड्रिप करायची असेल तर पाणी आधी खळखळून उकळायचं, झाकून गार करायचं आणि मगच थेंब थेंब सोडायचं. बाकी सगळं नंतर.

कारण अगदी साधं आहे. बीडच्या बसस्टँडबाहेरच्या टपरीवर आपण बिनधास्त चहा पितो. पाणी कुठल्या पिंपातलं, पिंप कधी घासलं, हे कोणी विचारत नाही, कारण तो चहा दिवसभर उकळत असतो. टपरीची सगळी सुरक्षाव्यवस्था त्या एका स्टोव्हवर चालते. कोल्ड ड्रिपमध्ये आपण नेमका तोच स्टोव्ह काढून टाकतो. नळाला पाणी रोज येत नाही. आलं की हौदात, टाकीत, पिंपात साठवायचं, उन्हाळ्यात कमी पडलं की टँकर मागवायचा. हे पाणी न उकळता कॉफीतून आठ तास झिरपवायचं आणि वर 'स्मूथ आहे' म्हणून प्यायचं? कावीळ आणि टायफॉइड यांना स्मूथ-बिमूथ काही कळत नाही.

आता कृती. कोल्ड ब्र्यू आणि कोल्ड ड्रिप यांत लोक गल्लत करतात. ब्र्यू म्हणजे कॉफीची भरड गार पाण्यात बारा ते चोवीस तास भिजत घालायची आणि गाळायची, थोडक्यात आपल्या मटकीसारखं. ड्रिपमध्ये वरून गार पाण्याचा एकेक थेंब कॉफीवर पडतो आणि खाली अर्क जमतो. जपानमध्ये याला डच कॉफी म्हणतात. तो काचेचा मनोरा हजारो रुपयांना मिळतो आणि माझ्या मते दिवाणखान्यात ठेवायची शोभेची वस्तू म्हणून त्याला तोड नाही. पण आपल्याकडे थेंब मोजायचं तंत्र काही नवीन नाही. परळीला वैजनाथाच्या पायाशी वाढलेल्या जिल्ह्यात अभिषेकपात्र कोणाला शिकवायचं? शिवाय शेताशेतात ठिबक आहेच. ठिबकचा साधा ड्रिपर तासाला ४ लिटर सोडतो. आपल्याला त्याच्या साठाव्या हिश्शापेक्षा थोडं कमीच हवं असतं, एवढाच फरक.

मी मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणला. दुकानदारानं विचारलं, "कोण ॲडमिट आहे, दादा?" म्हटलं, "कॉफी." त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून त्याचं निदान झालेलं होतं :-)

पण सेट कामाचा आहे. पाकिटावरच छापलेलं असतं: २० थेंब म्हणजे १ मिली. दर तीन सेकंदांनी एक थेंब सोडला की मिनिटाला १ मिली, म्हणजे ५०० मिली पाणी साधारण सव्वाआठ तासांत संपतं. रात्री दहाला लावा, सकाळी तयार. ५० ग्रॅम मध्यम दळलेली कॉफी घ्यायची, आधी थोड्या पाण्यानं सगळी ओली करायची आणि वर फिल्टर पेपरची गोल चकती ठेवायची. चकती नसली तर थेंब एकाच जागी पडून खड्डा करतो, पाणी त्या खड्ड्यातून खाली पळतं आणि बाजूची कॉफी कोरडी ती कोरडीच राहते. भुसा जवळपास १०० मिली पाणी स्वतःच पिऊन टाकतो, त्यामुळे हाती ४०० च्या आसपास येतं. आणखी एक. वरचं पाणी कमी होत जातं तसा दाबही कमी होतो आणि थेंब मंदावतात. तेव्हा झोपण्यापूर्वी एकदा थेंब मोजून चाक थोडं सैल करायचं. (ऑफिसात ज्याला रेट लिमिटर म्हणतात आणि ज्यावर तीन-तीन मीटिंगा होतात, ते इथे साडेतीन सेंटिमीटरचं प्लास्टिकचं चाक करतं.) सेट आतून नीट धुता येत नाही, तेव्हा दोन-चार वेळा वापरून टाकून द्यावा.

बर्फाबद्दल. वरच्या भांड्यात बर्फ घालायची पद्धत आहे, पण तो घरच्या ट्रेमधलाच, आणि तोही उकळलेल्या पाण्याचा. अखाद्य बर्फाला निळा रंग घालायचा नियम २०१८ साली आला. म्हणजे त्याआधी कोणता बर्फ कशाचा हे डोळ्यांना कळायची सोयच नव्हती. बाहेरची लादी मी अजूनही घेत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. माझ्या मावसभावाला धुळे-सोलापूर हायवेच्या कडेला कोल्ड कॉफीच्या बाटल्या विकायच्या आहेत. पोरगा हुशार आहे, साठवलेले पैसे आहेत, गिऱ्हाईकही आहे. गाड्या थांबतात, पुण्या-संभाजीनगरला शिकणारी पोरं सुट्टीत घरी येतात आणि बेचाळीस डिग्रीत चहा नको म्हणतात. त्याचा हिशोब असा: रात्री अर्क काढायचा, बाटलीत भरून बूच लावायचं आणि पंधरा दिवस रॅकवर ठेवून विकायचं. "दादा, कॉफी थोडीच नासते? दूध नाही, साखर नाही," असं त्याचं म्हणणं.

इथेच माझा विरोध आहे. काळी कॉफी आपल्याला आंबट लागते, पण तिचा पीएच पाचच्या आसपास असतो. आणि ४.६ च्या वर, हवा नसलेल्या बंद बाटलीत, बाहेरच्या उष्णतेत क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जिवाणू वाढू शकतो. त्याचं विष शरीर लुळं पाडतं. वास नाही, चव नाही, त्यामुळे 'हुंगून बघतो' ही आपली घरगुती प्रयोगशाळा इथे चालत नाही. कॉफी उकळून गरम भरली तरी त्याचे बीजाणू १०० अंशांत मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली १२१ अंश लागतात, म्हणजे कारखान्याचं काम. २०१७ साली अमेरिकेत डेथ विश कॉफी नावाच्या कंपनीनं (नाव बघा!) ह्याच भीतीनं आपले कोल्ड ब्र्यूचे डबे बाजारातून परत मागवले. कोणी आजारी पडलं नव्हतं, तरी मागवले. त्यांना ते परवडलं. हायवेवरच्या पोराला एक माणूस आजारी पडला तरी परवडणार नाही, आणि त्या माणसाला तर अजिबातच नाही.

फ्रिजमध्ये गोष्ट वेगळी. उकळत्या पाण्यानं धुतलेली काचेची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली (वर हवा राहिली की चव शिळी होते), दारात नाही तर आत मागच्या बाजूला, पाच अंशांच्या खाली. अशी कॉफी मी चार-पाच दिवस ठेवतो. दूध घातलं की त्याच दिवशी संपवायची. आणि लाइट? बंद दाराचा फ्रिज चारेक तास तग धरतो म्हणतात, पण मे महिन्यात, पत्र्याखाली, दर दहा मिनिटांनी कोणीतरी पाणी प्यायला दार उघडतंय, अशा फ्रिजचा मी तरी भरवसा देणार नाही. दुपारभर लाइट गेली तर कॉफी ओतून द्यायची. जीव तुटतो, मान्य, ५० ग्रॅम चांगली कॉफी काही स्वस्त नसते. म्हणूनच एकावेळी अर्ध्या लिटरच्या वर करूच नये.

भावाला मी सुचवलंय की बाटल्यांचं खूळ सोड. रोज रात्री दोन लिटर काढ, बर्फाच्या पेटीत ठेव, ग्लासावर विक, संध्याकाळी उरेल ते मोरीत. त्याचं म्हणणं, ग्लासात 'ब्रँड' होत नाही. ते खरंच आहे म्हणा. पण अमृततुल्यवाल्यांचे ब्रँड कपावरच झाले ना? ग्लासात थोडं जायफळ किसून दे, असंही सांगितलंय. आपल्या आई-आजीच्या कॉफीला तोच वास असायचा, आणि गार कॉफीत तो जास्तच खुलतो.

बाटल्यांची ऑर्डर त्यानं अजून दिलेली नाही. पण काल रात्री फोटो आलाय: खिळ्याला टांगलेला सलाईन, खाली स्टीलचं पातेलं, आणि मागे गॅसवर पाण्याचं मोठं भगुनं उकळतंय.