नागमोडी टाके

साहित्यचर्चेसाठी राखलेल्या या जागेत मोटारीच्या बंपरचे काय काम, असे वाचकांस वाटणे रास्त आहे. पर्सिगच्या 1974 सालच्या मोटरसायकलविषयक पुस्तकाचे नाव कुणीतरी काढणार, हेही मला ठाऊक आहे. म्हणून आरंभीच सांगतो, की मला तत्त्वज्ञान सांगायचे नाही. मला एका सांध्याविषयी बोलायचे आहे आणि त्या निमित्ताने एक जुनी तक्रार मांडायची आहे.

गेल्या पावसाळ्यात गाडी मागे घेताना पुढच्या बंपरचा खालचा कोपरा आमच्या सोसायटीच्या फाटकाच्या लोखंडी पट्टीत अडकला. मला ते उमगेपर्यंत गाडी मागे आली होती आणि कोपरा तिथेच राहिला होता. वीतभर चीर पडली. गाडी बारा वर्षांची, मालकही फारसा नवा नाही. सेवाकेंद्रातील तरुणाने वाकून न पाहताच सांगितले, "सर, हे रिपेअर होत नाही. बदलायलाच लागतो." भाषेच्या शिक्षकाला ‘होत नाही’ हा प्रयोग खटकल्याशिवाय राहत नाही. ‘आम्ही करत नाही’ या वाक्यातील कर्ता गुपचूप काढून घेतला, की एका दुकानाचे धोरण पदार्थाच्या स्वभावधर्मासारखे भासू लागते.

विम्याचा हिशेब करून पाहिला. आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर सरसकट 50 टक्के घसारा कापला जातो. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1000 रुपये पदरचे घालावे लागतात. शिवाय दावा केला, की 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत वर्षानुवर्षे चढत गेलेली ‘नो क्लेम’ची सवलत बुडते. थोडक्यात, हा नाद सोडला.

मग मी जे केले ते सांगताना संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. झटपट चिकटवणारी नळी आणली, चीर दाबून धरली, वरून एपॉक्सीची लांबी भरली, घासली, रंगाचा फवारा मारला. पाच पावलांवरून काही कळत नव्हते. मला स्वतःचा अभिमानच वाटला. आठवड्याने एका गतिरोधकावर ती सगळी कारागिरी खपली निघावी तशी अखंड निघून आली. खाली चीर जशीच्या तशी.

याचे कारण बंपरच्या पाठीवर लिहिलेले होते, आणि मी पाठ पाहिलीच नव्हती. चाकाच्या कमानीतले स्क्रू आणि खालच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा काढून, दिव्याची जोडणी सोडवून बंपर उतरवला, तेव्हा आतल्या बाजूस दोन कोनी खुणांच्या मध्ये साच्यातच उठवलेली अक्षरे दिसली: पीपी, अधिक ईपीडीएम, पुढे टी आणि एक आकडा. पॉलिप्रॉपिलिन, त्यात लवचीकपणासाठी मिसळलेले रबर, आणि भरीला टाल्क, म्हणजे आपले शंखजिरे. आकडा शंखजिऱ्याच्या टक्केवारीचा. पॉलिप्रॉपिलिनच्या पृष्ठभागाला कशाचीच ओढ नसते. अळवाच्या पानावर पाणी टिकावे तितपतच साधा डिंक त्यावर टिकतो. त्याला चिकटवता येत नाही असे नाही, खास रसायनाचा हात आधी फिरवून चिकटवतातही. पण खात्रीचा मार्ग एकच, वितळवून सांधण्याचा. अक्षरे नसतील तर अदृश्य कडेचा तुकडा पाण्यात टाकून पाहावा, तरंगला तर पॉलिप्रॉपिलिन, असा सल्ला बरेच जण देतात. तो अर्धाच खरा आहे, कारण शंखजिरे अधिक असेल तर तोच पदार्थ बुडतो.

पुढचे शिक्षण रस्त्याच्या कडेला झाले. आमच्या भागात एक गृहस्थ मोडक्या खुर्च्या, पाण्याच्या टाक्या, स्कूटरची कव्हरे सांधत बसतात. फलकावर ‘प्लॅस्टिक वेल्डिंग’ एवढेच शब्द. त्यांनी बंपर उलटा केला, माझ्या लांबीचे अवशेष नखाने टोकरले आणि म्हणाले, "सर, ह्याच्यात ह्याचंच घाला. दुसरं घेत नाही ते." मी तुटक्या खुर्चीची पट्टी चालेल का, असे विचारले. खुर्चीही बहुधा पॉलिप्रॉपिलिनचीच असते. पण तिच्यात रबर नसते. "धरंल. पण बंपर लवला की हे लवणार नाही. बाजूनं पुन्हा जाईल." मग त्यांनी बंपरच्याच आतल्या, कुणाला न दिसणाऱ्या कडेच्या चार अरुंद पट्ट्या कापून माझ्या हातात ठेवल्या. काम त्यांच्याकडूनच करून घ्यायला हवे होते, असे आता वाटते. हौसेने दुरुस्ती करणारा प्राध्यापक आणि पोटासाठी करणारा कारागीर यांत अंतर आहे. त्रिं. ना. आत्र्यांच्या ‘गावगाड्या’तील (1915) बलुतेदार ज्याने वाचला आहे, त्याला सांधण्या-शिवण्याचे काम आपल्याकडे कोणाच्या वाट्याला आणि कोणत्या मोलाने आले हे सांगायला नको. आपण ते रविवारी करतो आणि त्यावर निबंध लिहितो. असो.

काम पाठीकडून सुरू होते, हे यातले सर्वांत महत्त्वाचे. साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून, चिरेच्या आतल्या टोकाला तीनेक मिलिमीटरचे भोक पाडले. चीर पुढे धावते ती टोकाशी ताण एकवटतो म्हणून. गोल भोकाशी तो विखुरतो. पुढच्या बाजूने ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून दोन्ही कडा समपातळीत धरल्या. मागून चिरेच्या लांबीभर तिरक्या कडांचा चर कोरला, जाडीच्या निम्म्याहून थोडा खोल. मग तापलेल्या टोकाने चराच्या दोन्ही भिंती आणि भरीची पट्टी एकाच वेळी वितळवत पुढे सरकायचे. यात घाई झाली की भर नुसती वर बसते, मिसळत नाही. दिसायला सांधा, प्रत्यक्षात लेप. पॉलिप्रॉपिलिन 160 ते 165 अंशांच्या आसपास वितळते आणि साध्या सोल्डरिंग आयर्नचे टोक त्याहून कितीतरी अधिक तापते. म्हणून उष्णता कमी-जास्त करता येणारे साधन घ्यावे, नाहीतर प्लॅस्टिक वितळण्याऐवजी जळते, काळवंडते आणि ठिसूळ होते. काम उघड्यावर, तोंडाला मुखपट्टी बांधून करावे. शेवटी सांध्याला आडवे, पोलादी तारेचे नागमोडी टाके तापवून आत रुतवले. रेषा सरळ असती तर ओढ बसताच सुटली असती. वळणांमुळे प्लॅस्टिक तिला धरून ठेवते.

ते टाके पाहताना मला दुसऱ्याच एका नागमोडी रेषेची आठवण झाली, आणि हा लेख खरे तर तिच्यामुळे लिहिला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या पानांवर काही शब्दांखाली नागमोडी रेघ आढळते. त्या रेघेचा अर्थ एवढाच, की येथे आम्ही पाठ निवडला आहे, परंतु आमची पुरती खात्री नाही. तळटीपांत पाठभेद दिलेले असतात, म्हणजे वाचक हवे तर तो सांधा उकलून पाहू शकतो. डॉ. सुकथनकरांसारख्या संपादकाला ती रेघ न मारता गुळगुळीत पान छापणे सहज जमले असते. विद्वत्ता तिथे आहे, जिथे जोडकाम लपवलेले नाही.

आता तक्रार. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम राज्य शासनाने स्वीकारले, पुढे 1972 मध्ये त्यांत भर पडली, आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. नियम बरे की वाईट हा वेगळा वाद आहे. पण त्यानंतर एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील किती पुस्तके नव्या लेखनात पुन्हा छापली गेली, आणि त्यांतल्या किती पुस्तकांवर तसे एका ओळीत तरी नमूद आहे? अनुस्वार गेले तेवढ्यावरही भागत नाही. कोठे विभक्तिरूप बदलले, कोठे विरामचिन्हे नव्याने घातली, कोठे अप्रिय वाटलेला शब्द गळाला. विद्यार्थी अशा आवृत्तीवरून त्या लेखकाच्या ‘शैलीचा अभ्यास’ करतो, आम्ही मार्गदर्शक त्यावर सह्या करतो, आणि ज्या वाक्यरचनेला आम्ही लेखकाची म्हणतो ती एखाद्या मुद्रितशोधकाची असते. लांबी भरून वर रंगाचा फवारा मारण्याचा हा प्रकार. पाच पावलांवरून काही कळत नाही.

येथे एकनाथांचे नाव पुढे येईल. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि कोठे काय बदलले हे सांगितले नाही. त्यामुळेच पुढे राजवाड्यांसारखे संशोधक एकनाथपूर्व पाठाच्या मागे लागले. हे खरे. परंतु प्रत अशुद्ध होती आणि आपण ती शोधली, हे एकनाथांनी साल घालून जाहीर केले, आणि त्या ग्रंथात यापुढे कुणी स्वतःची ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल, असेही बजावले. ‘ह्याच्यात ह्याचंच घाला’ हे वाक्य मला रस्त्याच्या कडेला ऐकू आले तेव्हा नवे वाटले, एवढेच.

याउलट, प्रत्येक सांधा उघडा ठेवणे ही नुसती ऐट होऊ शकते, हा आक्षेप मला मान्य आहे. सामान्य वाचकाला तळटीपांचे ओझे नको असते आणि गाडी वापरणाऱ्याला काळा व्रण नको असतो. रंग द्यावा. मीही देऊ पाहिला: 80, 180, 400 अशा चढत्या क्रमाने पॉलिशपेपर फिरवला, प्लॅस्टिकला रंग धरवणारे अस्तर लावले, लवचीक लांबीचा पातळ हात दिला. माझे म्हणणे इतकेच, की पाठ पुसू नये. बंपर हे नुसते कवच असते. धक्का पेलणारी पोलादी तुळई आणि तिच्यापुढचा फोम त्याच्या मागे असतात. ते वाकले-चेपले आहेत का, हे कवच उतरवल्याशिवाय कळत नाही. जुनी गाडी विकताना बाहेरून चकचकीत केलेला बंपर घेणाऱ्याला नेमके हेच कळू देत नाही. नव्या गाड्यांत तर काहींच्या बंपरमागे रडार बसवलेले असते. त्याच्यासमोर जाड लांबी किंवा धातूची जाळी घरच्या घरी भरणे हा शुद्ध अविचार ठरेल. तिथे ‘होत नाही’ हे उत्तर खरे आहे, आणि त्याचा कर्ताही सापडतो.

रंगाचा क्रमांक इंजिनाजवळच्या पट्टीवर मिळाला, दुकानदाराने त्याबरहुकूम मिसळूनही दिला. पण बारा वर्षांच्या उन्हाने उडालेल्या मूळ रंगाशी तो जुळला नाही. डावा कोपरा आता किंचित गडद दिसतो. आतल्या बाजूला, टाक्यांशेजारी, मी कायम शाईच्या पेनाने दिनांक आणि भर कशाची घातली ते लिहून ठेवले आहे. यंदा पाऊस ओसरल्यावर बंपर पुन्हा उतरवून पाहिला. टाके जागच्या जागी आहेत. चिरेच्या वरच्या टोकाशी, जिथे मी भोक पाडायचा कंटाळा केला होता, तिथे केसभर रेघ पुढे सरकली आहे. चार पट्ट्यांपैकी एक अजून शिल्लक आहे. येत्या रविवारी चर उघडावा म्हणतो.