जमिनीतले विष आणि कपाटातली जुनी पॉलिसी

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आमचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘जुना केस पेपर आणलाय का?’ आज दिसणारा आजार आजच सुरू झालेला असतो असे नाही. पंचवीस वर्षांपूर्वी रुग्ण कुठे कामाला होता, कोणत्या धुळीत वावरत होता, हे कळेपर्यंत फुप्फुसाच्या काही आजारांचे निदान पुरे होत नाही. दूषित जमिनीचेही असेच असते. तिथे मात्र जुना कागद उपचाराचा खर्चही मिळवून देऊ शकतो.

केंद्र सरकारने जुलै २०२५मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. ज्याने जमीन बिघडवली त्याने सफाईचा खर्च करावा, हे त्यांचे सूत्र आहे. पण बिघडवणारा कारखाना बंद पडला असेल, मालक कफल्लक झाला असेल, तर? अमेरिकेला हा प्रश्न आपल्या बराच आधी पडला होता.

नायगारा फॉल्स शहरातील ‘लव्ह कॅनॉल’ या अर्धवट कालव्यात एका रसायन कंपनीने १९४०च्या दशकापासून सुमारे २० हजार टन कचरा पुरला. १९५३मध्ये ती जागा शाळा मंडळाला १ डॉलरला दिली. तिथे शाळा झाली, आजूबाजूला घरे झाली. पुढे तळघरांत रसायने झिरपू लागली आणि १९७८मध्ये राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी जाहीर करावी लागली. त्यातून १९८०मध्ये ‘सुपरफंड’ कायदा आला. या कायद्याने पूर्वीच्या प्रदूषणाची जबाबदारीही नक्की केली; त्या काळी तसा कचरा टाकणे बेकायदा नव्हते, ही सबब चालेना. बऱ्याचदा जागेचा आजचा मालकही त्यात सापडतो.

यात मोठ्या कंपन्यांबरोबर कोपऱ्यावरचा ड्रायक्लीनरही अडकला. कपडे धुण्याचे परक्लोरोएथिलीन जमिनीत मुरते, भूजलात उतरते आणि त्याची वाफ वरच्या खोल्यांत शिरते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्याला संभाव्य कर्करोगकारक मानते. त्याचा भाऊबंद ट्रायक्लोरोएथिलीन तर मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. सफाईचा खर्च दुकानाच्या किमतीहून जास्त होऊ शकतो. अशा मालकांना त्यांच्या जुन्या विमा पॉलिसींनी हात दिला.

गाडीचा विमा गेल्या वर्षी संपला, पण अपघात त्याआधी झाला असेल, तर जबाबदारी त्या जुन्या विमा कंपनीचीच असते. तिथल्या व्यवसायांच्या दायित्व विम्याचे तत्त्वही हेच होते : नुकसान ज्या वर्षी घडले, त्या वर्षाची पॉलिसी लागू. मग प्रश्न उरतो, जमिनीचे नुकसान नेमके घडले कधी? रसायन सांडले तेव्हा, मुरत राहिले तेव्हा, की सापडले तेव्हा?

याचे एक उत्तर वैद्यकातून आले. ॲस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात गेल्यापासून रोग दिसेपर्यंत २० ते ४० वर्षे जातात. १९८१मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने म्हटले, की तंतू शरीरात जाण्याचा काळ, आजार आतल्या आत वाढण्याचा काळ आणि तो उघड होण्याचा काळ, या तिन्ही काळांतल्या पॉलिसी लागू होतात. हाच विचार पुढे अनेक न्यायालयांनी मुरणाऱ्या प्रदूषणाला लावला.

विमा कंपन्याही गप्प बसल्या नाहीत. १९७०च्या दशकात ‘अचानक व अपघाताने’ झालेले प्रदूषणच भरून देऊ, असे कलम आले. १९८६च्या सुमारास प्रदूषण बहुतांशी वगळलेच गेले. म्हणून त्याआधीच्या पॉलिसी मोलाच्या. त्या शोधणे हा तिथे एक व्यवसायच झाला आहे. जुन्या खतावण्या, हप्त्याच्या चेकच्या नोंदी, एजंटाच्या फायली धुंडाळल्या जातात. मूळ कागद हरवला तरी अशा पुराव्यावरून पॉलिसी होती हे सिद्ध करता येते.

हा रामबाण उपाय नाही. खटले वर्षानुवर्षे चालतात, निकाल राज्यागणिक बदलतात, काही विमा कंपन्याच बुडालेल्या असतात. आणि पैसे कोणाचे हे ठरेपर्यंत लोक तेच पाणी पीत असतील, तर जिंकलेल्या खटल्याचा त्यांना काय उपयोग?

आपल्याकडे ही उणीव अधिक बोचते. भोपाळनंतर १९९१मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. त्याचा मूळ हेतू घातक रसायनांच्या अपघातग्रस्तांना तातडीची मदत हा; वर्षानुवर्षे मुरलेले विष उपसण्यासाठी तो घडवलेला नव्हता. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-ॲसिडच्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्याने खर्च भरावा’ असा निकाल दिला. तरीही २०११मध्ये त्याच न्यायालयाला सुमारे ३७ कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश द्यावा लागला. तत्त्व होते, पण तत्काळ हाती येईल असा पैसा नव्हता.

नव्या नियमांनुसार जबाबदार सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली, तर खर्चाची सोय सरकारने करायची आहे. म्हणजे शेवटी तो भार तुमच्या-आमच्यावर येणार. तो टाळायचा, तर हळूहळू होणाऱ्या प्रदूषणालाही लागू पडेल असा विमा किंवा ठेव कारखाना सुरू असतानाच घेतली पाहिजे. टाळे लागल्यावर मागून काही मिळत नाही.

तोवर साधी गोष्ट : कारखाना असो की पेट्रोल पंप, विम्याचे जुने कागद रद्दीत घालू नका. जागा विकत घेताना आधी तिथे काय चालत होते, हे विचारा. आणि रासायनिक कारखान्यात काम केले असेल, तर ‘नोकरी सोडून वीस वर्षे झाली, आता काय सांगायचे’ असे म्हणू नका. डॉक्टरांना तेही सांगा. आजाराचे मूळ कदाचित त्याच वर्षांत असेल.