खरूज एका पोराची नसते

कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बायका-मुलेच जास्त. छावणीत रुग्णालय होते, शाळा होत्या. पुढे तिथे फाळणीतले सिंधी निर्वासित आले. आजचे गांधीनगर ते हेच. कोल्हापूरकरांना या पाहुणचाराचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

गाळप हंगामात बीडसारख्या दुष्काळी भागांतून ऊसतोड टोळ्या याच जिल्ह्यात उतरतात. त्यांना निर्वासित कोणी म्हणत नाही, आणि त्यांच्या तळावर रुग्णालयही नसते. कोपीत राहणाऱ्या पोराच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुरळ उठले आणि खाज रात्री वाढू लागली, तर पहिला संशय खरजेचा घ्यावा.

खरूज म्हणजे आईचा हलगर्जीपणा नव्हे. बारीक किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो आणि अंगाला अंग लागून पसरतो. एका गोधडीत चौघे झोपल्यावर दुसरे काय होणार? पहिल्या लागणीत खाज सुटायला चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. त्यामुळे खाजवणारा भाऊ बरा होतो आणि अजून न खाजवणारी बहीण त्याला पुन्हा खरूज देते. खाजवून झालेल्या जखमा चिघळल्या, तर कधी मूत्रपिंडालाही सूज येते.

औषध साधे आहे. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचे, सकाळी धुवायचे, आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा लावायचे. तान्ह्या बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी डॉक्टरांना विचारावे. अट एकच, कोपीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचे. गाडी अडते ती इथे. बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो, टोळी पहाटेच फडात गेलेली असते. खाडा केला तर मुकादमाची उचल कशी फिटणार? मग दुकानातून स्टेरॉइडची एक ट्यूब येते, एका पोराला लागते. खाज दबते, किडा तसाच राहतो.

म्हणून पोराला केंद्रात बोलावण्यापेक्षा आरोग्य केंद्रानेच संध्याकाळी तळावर जावे. कोणती टोळी कुठे उतरली, हे कारखान्याच्या शेती विभागाला ठाऊक असते. मलमाचा खर्चही कारखान्याने उचलावा. साखरेच्या हिशेबात तो दिसणारही नाही. सगळ्या कोप्यांना एकाच संध्याकाळी मलम द्यावे आणि टोळी पुढच्या गावी हलण्याआधी दुसरा हात लावून घ्यावा.