अडखळणाऱ्या चित्राची कैफियत

संगणकावरील खेळांचे थेट प्रसारण करण्याचा व्यवसाय गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांतील चाळींमधल्या तरुण मंडळींनी ज्या जिद्दीने अंगीकारला आहे, तिचे आम्हांस मनापासून कौतुक वाटते. आणि म्हणूनच, ज्या एका तक्रारीने या मंडळींची उमेद वारंवार खचते, तिची सविस्तर दखल घेणे हे आम्ही या मासिकाचे कर्तव्य समजतो. स्वतःच्या पडद्यावर खेळ विनासायास चाललेला असतो, आणि तरीही ‘दादा, स्ट्रीम अटकतेय’, ‘चित्र फुटतंय’ असे प्रेक्षकांचे निरोप एकामागून एक येऊ लागतात. अशा वेळी बेजार झालेला प्रसारक बहुधा लॅमिंग्टन रोडचा संगणकबाजार गाठतो आणि साठवलेली पुंजी नव्या ग्राफिक्स कार्डावर खर्च करून मोकळा होतो. आमचे आग्रहाचे सांगणे असे की, खरेदीच्या आधी निदान झाले पाहिजे. कारण अडखळणे हे तीन निरनिराळ्या दोषांचे एकच बाह्य लक्षण असून एकाचा इलाज दुसऱ्यास लागू पडत नाही.

निदानाचे साधन विनामूल्य आहे आणि बहुतेकांच्या संगणकात ते आधीपासूनच असते. ओबीएस स्टुडिओ या प्रसारणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्टॅट्स’ नावाचा जो छोटासा तक्ता आहे, त्यात हुकलेल्या फ्रेम्सचा हिशेब तीन स्वतंत्र खात्यांत मांडलेला असतो. पहिले खाते रेंडरिंग लॅगचे. सेकंदाला 60 फ्रेम्स पाठवायच्या म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम 16.67 मिलिसेकंद येतात, आणि खेळाने ग्राफिक्स कार्ड पुरते व्यापले असेल तर एवढ्या अवधीत प्रसारणाचे दृश्य रचण्यास ओबीएसला सवडच उरत नाही. खेळाच्या फ्रेमरेटवर मर्यादा घालणे, सावल्या व प्रतिबिंबे यांचा दर्जा एक पायरी खाली आणणे आणि ओबीएस ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवणे, एवढ्या तजविजीने हा दोष पुष्कळदा दूर होतो. दुसरे खाते एन्कोडिंग लॅगचे, म्हणजे चित्र आकसून पाठवण्याजोगे करताना होणाऱ्या उशिराचे. एक्स-264 हा एन्कोडर सारा भार प्रोसेसरवर टाकतो. तो भार पेलत नसेल तर ‘व्हेरीफास्ट’ किंवा त्याहून वेगवान प्रीसेट निवडावा, अथवा एन्व्हिडियाच्या कार्डांत 2012 पासून असलेल्या आणि 2018 च्या ट्युरिंग पिढीत बऱ्याच सुधारलेल्या एनव्हेंक या एन्कोडरकडे ते काम सोपवावे. मात्र स्वस्तातले कार्ड घेणाऱ्याने एक गोष्ट दुकानातच विचारून घ्यावी. जीटी 1030 सारख्या कार्डात एनव्हेंकची सोय मुळातच नाही.

तिसरे खाते ड्रॉप्ड फ्रेम्सचे, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीचे. आमच्या समजुतीप्रमाणे चाळींतील प्रसारकांचे बहुतांश दुःख याच खात्यात जमा आहे. येथे आकडा चढत असेल तर जगातील सर्वांत महागडे कार्डही निरुपयोगी होय. दहा बाय बाराच्या खोल्या, एका मजल्यावर अशा डझनभर, आणि जवळजवळ प्रत्येक बिऱ्हाडात एक राउटर. अशा ठिकाणी 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात परस्परांवर न चढणारे चॅनेल अवघे तीनच, 1, 6 आणि 11, असल्यामुळे शेजारीपाजारी एकमेकांच्या लहरींत अहोरात्र ढवळाढवळ करत राहतात. यास खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून संगणकापर्यंत लॅनची केबल ओढणे. ते अशक्यच असेल तर 5 गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरावा. केबलवाला सांगतो तो वेग सामान्यतः डाउनलोडचा असतो. प्रसारकास हवा असतो अपलोडचा, म्हणून तो वेगळा विचारावा आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास, सारी चाळ घरी असताना, स्वतः मोजावा. जो सर्वांत कमी आकडा मिळेल, त्याच्या सुमारे दोनतृतीयांशावर बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायच्या बिट्सचा आकडा, बांधावा, तो सीबीआर म्हणजे स्थिर ठेवावा आणि कीफ्रेमचे अंतर 2 सेकंद राखावे.

चित्र न अटकता नुसतेच फुटत असेल, तर तो प्रश्न निराळा आहे. लालबागच्या राजाचे दर्शन यूट्यूबवरून घेताना चित्र स्वच्छ दिसते आणि त्याच जोडणीवरून पाठवलेला खेळ मात्र चिखलासारखा दिसतो, असे का, हा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर चित्राच्या स्वभावात आहे. मूर्ती निश्चल असते, मागची आरास जागची हलत नाही, बदलते ती पुढून सरकणारी भाविकांची रांग तेवढी. आणि एन्कोडर तर मागील फ्रेमशी पडलेला फरकच मुख्यतः टिपत असतो. उलट बीजीएमआयसारख्या नेमबाजीच्या खेळात गवतातून धावणाऱ्या खेळाडूने मान वळवली की पडद्याचा कणन्‌कण एका क्षणात बदलतो. आता हिशेब पाहा. 1920 बाय 1080 आकाराच्या 60 फ्रेम्स म्हणजे सेकंदाला सुमारे 12 कोटी 44 लक्ष पिक्सेल. 6000 केबीपीएसचा बिटरेट त्यांत वाटला तर एका पिक्सेलच्या पदरी 0.05 बिटही पडत नाही. तोच बिटरेट 1280 बाय 720 मध्ये वाटला की वाटा दुपटीहून अधिक होतो. म्हणून अपलोड तोकडा असताना 1080 चा हट्ट धरणे म्हणजे प्रेक्षकास जाणूनबुजून धूसर चित्र दाखवणे होय. 720 वर उतरण्यात यत्किंचितही कमीपणा नाही.

प्रेक्षकाच्या डोळ्यास तीक्ष्णतेहून नियमितपणा अधिक प्रिय असतो, हे या शहराने फार पूर्वी अनुभवले आहे. दादरला घडलेला दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात झळकला, त्या काळी कॅमेऱ्याचे हँडल हातानेच फिरवावे लागे, आणि मनगटाची लय ढळली की पडद्यावरील पात्रांची चाल बिघडे. आज ते मनगट गेले, नियम तोच राहिला. 144 फ्रेम्सवर चालणाऱ्या खेळातून 60 फ्रेम्सचे प्रसारण काढले तर भागाकार समान पडत नाही आणि एकही फ्रेम न हरवता चित्र किंचित लंगडते. तोच खेळ 120 वर बांधला की दर दुसरी फ्रेम बिनचूक उचलली जाते.

आमची सूचना साधी आहे. येत्या महिन्यात प्रत्येक प्रसारकाने एक वही घालावी आणि दर प्रसारणानंतर तीन खात्यांचे आकडे, वेळ, बिटरेट व खोलीतील उकाड्याची स्थिती त्यात नोंदवावी, कारण बंद खोलीत तापलेला लॅपटॉप तासाभराने आपला वेग स्वतःच उतरवतो. बदल एका वेळी एकच करावा आणि तो आधी खाजगी प्रसारणावर तपासावा. एका मजल्यावरील मंडळींनी एकत्र बसून राउटरचे चॅनेल वाटून घ्यावेत, आणि केबलवाल्याकडे अपलोड वाढवून मागायचा तर तो एकेकट्याने न मागता साऱ्या चाळीने मिळून मागावा. एवढे करूनही दोष उरला, तर तो कोणत्या खात्यातला हे प्रसारकास नेमके ठाऊक असेल, आणि मग लॅमिंग्टन रोडवर खर्च केलेला रुपया वाया जाणार नाही.