घामाचा बाजार

परवा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी जेवता जेवता विचारलं, "त्या रेड इंडियनांच्या वाफेच्या तंबूत माणसं मेली होती ना हो? कसले अघोरी प्रकार करतात हे आदिवासी!"

माझा घास हातातच राहिला. माणसं मेली हे खरं, पण तो तंबू रेड इंडियनांचा नव्हताच!

मंडळी, आधी मूळ गोष्ट सांगतो. लाकोटा लोकांच्या बाष्पस्नानाला 'इनिपी' म्हणतात. विलोच्या कोवळ्या फांद्या वाकवून बुटका घुमट करायचा, त्यावर पूर्वी कातडी घालत, आता घोंगड्या किंवा कॅनव्हास. बाहेर आगीत तापवलेले दगड आतल्या खड्ड्यात ठेवायचे, वर पाणी शिंपडायचं. आत मिट्ट काळोख, वाफ, प्रार्थना. मधून मधून दार उघडतं, असे चार फेरे. 'मिताकुये ओयासिन', म्हणजे आपण सगळे एकमेकांचे नातलग, असं म्हणत आत-बाहेर करायचं. ज्याच्याकडे हा विधी असतो तो वर्षानुवर्षं वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकलेला असतो, आणि त्याचे पैसे घ्यायचे नसतात.

आता तो दुसरा तंबू. 8 ऑक्टोबर 2009, ॲरिझोनातलं सेडोना. जेम्स आर्थर रे नावाचे यशाचे गुरू. होय, 'द सीक्रेट' चित्रपटात झळकलेले तेच. माणशी नऊ हजार डॉलरच्या वर फी. वाळवंटात छत्तीस तास अन्नपाण्यावाचून काढलेली पन्नासहून जास्त माणसं एकाच तंबूत, आणि वर ताडपत्र्या!

इंजिनिअर म्हणून सांगतो, घामाने अंग थंड होतं ते घाम वाळतो म्हणून. वाफेने कोंदलेल्या हवेत तो वाळत नाही, आणि शरीर तापतच जातं. त्यात अंगात पाणी नाही. अशा वेळी दार कधी उघडायचं आणि कुणाला बाहेर काढायचं हे ओळखणारा माणूस हीच तिथली एकमेव सेफ्टी व्हॉल्व्ह. नेमकी तीच नव्हती. तिघांचे प्राण गेले. 2011 मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत झाल्याबद्दल रे यांना दोन वर्षांची शिक्षा झाली.

आणि बदनाम कोण झालं? आदिवासी!

याच अमेरिकन सरकारने 1883 च्या नियमांनी आदिवासींचे धार्मिक विधी गुन्हा ठरवले होते. सूर्यनृत्य केलं, वैदूने उपचार केले, तर शिधा बंद, नाहीतर तुरुंग. धर्मस्वातंत्र्याचा वेगळा कायदा यायला 1978 उजाडलं. आजोबांनी जे लपूनछपून जपलं, ते नातवांच्या डोळ्यांदेखत पॅकेजमध्ये विकायला निघालं. लाकोटांनी 1993 मध्येच अशा शोषकांविरुद्ध चक्क युद्धाची घोषणा केली होती. म्हणजे सेडोनाच्या सोळा वर्षं आधी. ऐकलं कोणी?

हे मी सोवळं नेसून लिहीत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही पैसे भरून अशा एका वीकेंड शिबिराला गेलो होतो. पिसं, ढोल, वाफ, सगळं यथासांग. आईला फोनवर फुशारक्याही मारल्या. नंतर ऑफिसमधल्या एका लाकोटा सहकाऱ्याला कौतुकाने सांगायला गेलो. तो शांतपणे एवढंच म्हणाला, "त्याला हे कोणी शिकवलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फी किती, पार्किंग कुठे, जेवण शाकाहारी आहे का, हे सगळं मी विचारलं होतं. हेच तेवढं विचारलं नव्हतं.

यावर आपली मंडळी म्हणतात, "ज्ञान सर्वांचं असतं. आपण नाही का जगाला योग दिला?" दिला ना! आपण दिला. आपले गुरू स्वतः इथे येऊन शिकवून गेले. लाकोटांना आधी बंदी घातली, मग ते नको म्हणत असताना उचलून नेलं. याला देणं म्हणत नाहीत. आणि नुसती वाफच हवी असेल तर फिनलंडच्या लोकांचा सौना गल्लोगल्लीच्या जिममध्ये आहे. खुशाल बसा, कोणी अडवत नाही. आक्षेप वाफेला नाही, दुसऱ्याचा देव्हारा भाड्याने देण्याला आहे.

उद्या तुमच्याकडेही 'अस्सल रेड इंडियन बाष्पस्नान' अशी जाहिरात आली, तर फीचा आकडा नंतर बघा. आधी तो एक प्रश्न विचारा.

पाहुण्यांना हे सगळं सांगेपर्यंत आमटी गार झाली. असो.