नॅकपुरती सर्जनशीलता

विद्यार्थ्यांच्या सर्जनशीलतेला वाव देणं हे कॉलेजचं आद्य कर्तव्य आहे, असं आमचे प्राचार्य दर स्नेहसंमेलनात सांगायचे. सांगून झालं की खाली बसायचे. एका वर्षी मात्र बसले नाहीत. विद्यार्थ्यांचा ब्लॉग सुरू करण्याचा हुकूम निघाला. मराठी वाङ्मयाचा एकाएकी असा पुळका का? छे हो. नॅक येणार होतं.

कॉलेजचं नाव सांगत नाही. मी भूमचा, शिकायला बाहेरगावी होतो, एवढं पुरे. नाव सांगितलं तर एकाच कॉलेजची अब्रू जाईल. नाही सांगितलं तर निम्म्या महाराष्ट्रातली कॉलेजं म्हणतील, हे आमच्यावरच लिहिलंय. दुसरा सौदा स्वस्त पडतो.

ज्यांना ठाऊक नाही (असे भाग्यवंत अजून असतील तर) त्यांच्यासाठी : नॅक म्हणजे 1994 साली बंगळुरूत स्थापन झालेली, उच्च शिक्षणाचं मूल्यमापन करणारी संस्था. सात निकष, त्यांचे उपनिकष आणि प्रत्येक उपनिकषाला पुरावा. विद्या आहे की नाही हा प्रश्न गौण, पुरावा पाहिजे. आणि पुराव्यांचा राजा म्हणजे जिओ-टॅग फोटो. झाड लावलं? फोटो. झाड जगलं? तो निकष नाही. तसंच आमचं. ब्लॉगचं उद्घाटन फीत कापून झालं. ब्लॉगला फीत बांधली कुठे, विचारताय? मॉनिटरला. फोटोखाली अक्षांश-रेखांश उमटले आणि वाङ्मयनिर्मिती संपन्न झाली.

अडचण एकच झाली. आम्ही चारदोन जण खरंच लिहायला लागलो.

मी गावाकडचं लिहिलं. भूम तालुक्यातल्या खव्यावर, साधारण पाच लिटर दूध आटून किलोभर खवा कसा उतरतो आणि तोवर कढईपुढच्या माणसाचं काय काय आटतं त्यावर. कुंथलगिरीवर लिहिलं, जिथे जैन आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली सल्लेखना घेतली. लोक वाचायला लागले. गावाकडून फोन यायचे. कॉलेजातून कुणाचा आला नाही, कारण नॅकची पीअर टीम येऊन, जेवून, शाल-श्रीफळ घेऊन गेली होती. फाइल बंद झाली होती.

मग पदवी मिळाली, आणि पाठोपाठ निरोप आला. इंग्रजीत. आपण उत्तीर्ण झालात, अभिनंदन, आता आपलं कॉलेजचं खातं (ब्लॉग त्यावरच होता) बंद होईल. नापास झालो असतो तर लेख वाचले असते, असा त्याचा सरळ अर्थ. गुणवत्तेची इतकी रोखठोक किंमत कुठल्याही शिक्षणसंस्थेनं आजवर ठरवली नसेल.

विचारायला गेलो तर कारण सांगितलं : जागा नाही. वर पुस्ती, सगळीकडेच हे चाललंय. आमच्या कॉलेजचं खातं कुठल्या कंपनीचं ते गुलदस्त्यात राहू दे. पण जमाना बदलला हे खरं. गूगलनंच 2021 साली जाहीर केलं की शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद फुकट जागा आता आवरती घेणार, आणि सगळ्या संस्थेला मिळून मूळची 100 टेराबाइट. फुकटाला मर्यादा आली की संस्था आधी कुणाला घराबाहेर काढते? जो फी भरायचा थांबला त्याला.

बरं, जागेचाच हिशेब करू. देवनागरीचं एक चिन्ह संगणकात तीन बाइट खातं. नऊशे शब्दांचा लेख म्हणजे फार तर वीस किलोबाइट. असे शंभर लेख लिहिले तरी दोन मेगाबाइट. आणि प्राचार्य फीत कापतानाचा एक फोटो? मोबाइलवर काढलेला, तीन-चार मेगाबाइटचा. म्हणजे शंभर लेखांना जी जागा पुरली असती, तिच्या दीड-दोनपट जागेत एकटी कात्री विराजमान आहे. तो फोटो अजून आहे. पुरावा आहे ना तो!

आता उपदेशकांकडे वळू. त्यांची कमतरता नसते. ‘फुकटच्या ठिकाणी टाकून दे की, कायम राहतं.’ कायम! जिओसिटीज कायम होतं, 2009 मध्ये मोडलं. ऑर्कुट कायम होतं, 30 सप्टेंबर 2014 ला मिटलं. गूगल प्लस 2019 च्या एप्रिलात गेलं, याहू ग्रुप्स 2020 च्या डिसेंबरात. या धंद्यातलं ‘कायम’ आमच्या बिनपगारी सेवकांच्या कायमपणासारखं आहे, ऑर्डर कधीच हातात पडत नाही.

शेवटी पैसे मोजून जागा घेतली आणि बिऱ्हाड हलवायला बसलो. इथून पुढे खरी करमणूक. जुन्या ठिकाणी मथळा मराठीत दिला की पत्ता बनवताना यंत्र बावचळायचं. त्याला लॅटिन अक्षरांखेरीज काही दिसायचंच नाही. त्यामुळे माझ्या प्रत्येक लेखाचा पत्ता ब्लॉग-पोस्ट, ब्लॉग-पोस्ट-सतरा, ब्लॉग-पोस्ट-छप्पन्न. कैद्यांना देतात तसे नंबर. नव्या ठिकाणी देवनागरी चालते म्हणे. चालते कशी, बघा. प्रत्येक चिन्हाची नऊ इंग्रजी चिन्हं होतात, मध्ये टक्क्यांची खूण पेरलेली. ‘भूम’ या एवढ्याशा नावाची सत्तावीस! आणि पत्त्याला मर्यादा दोनशेची. तेव्हा बावीसेक चिन्हं झाली की सुरी चालते. माझा लेख होता ‘कुंथलगिरीच्या खव्याची भट्टी आणि आपण’. पत्ता झाला ‘कुंथलगिरीच्या खव्याची भट’. मोजून दोनशे. कुंथलगिरीत असा कुणी भट नाही, असला तरी तो खव्याचा नाही. पण यंत्रानं भट्टी मोडून भट बसवला आणि त्याचा पत्ता जगभर दिला.

फोटोंचं विचारू नका. निर्यात केलेल्या फाइलमध्ये फोटो नसतातच, फोटो कुठे आहे याचा फक्त पत्ता असतो. तो पत्ता कॉलेजच्या खात्यातला. खातं बंद झालं, आणि उकळत्या कढईच्या जागी राखाडी चौकट आली. खाली ओळ मात्र शाबूत : ‘छायाचित्रात दिसत असलेला खवा.’

मी कॉलेजला एवढंच म्हणालो, जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्यावर पाठवा. एक ओळ टाकायची. ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही.’ असं? 2023 साली आमच्या उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. उस्मानाबाद लिहिलेलं पत्र पोस्टमननं परत पाठवलं का? 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याआधीच्या पदवीधरांना कुणी ‘पान सापडत नाही’ म्हणालं? सातबारा, शिक्के आणि पाट्या सांभाळत बसलेलं सरकार जे जमवतं, ते ‘स्मार्ट कॅम्पस’ची कमान लावलेल्या कॉलेजला जमत नाही. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये सुखरूप आहे, हो. मला किती मार्क पडले हे राष्ट्र जपणार आहे. मी काय लिहिलं ते मी बघून घ्यायचं.

बघून घेतलं. डोमेनही विकत घेतलं, देवनागरीतलं, शेवटी ‘.भारत’ असलेलं. ही सोय 2014 पासून आहे. वापरतं कोण ते विचारू नका. मी वापरतो.

आणि आता ऐका. नॅक पुन्हा येतंय. पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा मुद्दा असतो, त्यामुळे कॉलेजला आमची आठवण अनावर झाली आहे. व्हॉट्सअॅपवर फॉर्म आला : ‘आपल्या साहित्यिक योगदानाची लिंक द्यावी, महाविद्यालयास आपला अभिमान आहे.’ ज्यांनी लिंक तोडली त्यांना लिंक हवी! मी ताबडतोब भरली. फॉर्म लाल झाला : ‘कृपया वैध पत्ता लिहा.’ पुन्हा भरली. पुन्हा लाल. देवनागरी पत्ता त्याला पत्ताच वाटेना.

फॉर्म पाठवणाऱ्या मॅडमना फोन केला. त्या बिचाऱ्या भल्या आहेत, या कारभारात त्यांचा दोष एवढाच की त्या तिथे नोकरीला आहेत. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाल्या, “अरे, मग असं कर ना, सगळ्या ब्लॉगची प्रिंट काढ आणि कुरिअर कर. दोन प्रती. आणि प्रिंट हातात धरून तुझा एक फोटो पाठव. जिओ-टॅग तेवढा चालू ठेव.”